छोट्या संगणकाचे वायफाय आणि वेगाचे मोजमाप

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय : रास्पबेरी पाय व तत्सम छोट्या संगणकांच्या वायफायविषयी आपल्या पुरवणीत दिला जाणारा सल्ला

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर मी आवर्जून वाचतो. एकाच सर्किट बोर्डवर मावणाऱ्या छोट्या संगणकांविषयीचे, विशेषतः रास्पबेरी पायविषयीचे प्रश्न त्यात हल्ली वारंवार येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : घरातल्या फोनवर आणि लॅपटॉपवर वायफाय उत्तम चालते, हा छोटा संगणक मात्र रखडत चालतो. त्यावर छापून येणारे उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. इंटरनेटची अधिक वेगाची जोडणी घ्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर राउटर बदला. संगणकांची छोटी-मोठी जाळी उभारण्याचे व ती दुरुस्त करण्याचे काम करणारा तंत्रज्ञ या नात्याने मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि बऱ्याच वेळा तो सरळसरळ चुकीचा असतो, कारण अडथळा नेमका कोठे आहे हे न पाहताच तो वाचकाला खर्चात पाडतो. या पत्रात माझे म्हणणे एवढेच आहे की या संगणकांच्या बाबतीत मोजमाप आधी व्हावे आणि खरेदी, करावी लागलीच तर, सर्वांत शेवटी व्हावी.

‘वेग कमी आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंतची इंटरनेटची जोडणी. दुसरी, राउटर आणि बोर्ड, म्हणजे हा छोटा संगणक, यांच्यामधला हवेतला टप्पा. आणि तिसरी, बोर्डवर पोहोचलेली माहिती मेमरी कार्डवर लिहून होण्याचा टप्पा. संकेतस्थळावर मिळणारी वेगचाचणी पहिले दोन टप्पे एकत्र मोजते, आणि मोठी फाइल उतरवून घड्याळ लावणारा माणूस तिन्ही टप्पे एकत्र मोजतो. दोन्ही रीतींनी आकडा मिळतो, पण दोष कोणाचा हे कळत नाही. त्यासाठी घरातलाच दुसरा एखादा संगणक केबलने राउटरला जोडावा, दोन्हींवर ‘आयपर्फ-३’ हे वेग मोजण्याचे मोफत साधन बसवावे आणि या दोघांमध्येच माहिती पाठवून पाहावी. या चाचणीत इंटरनेट येत नाही आणि मेमरी कार्डही येत नाही, कारण पाठवलेली माहिती कोठेही साठवली जात नाही. उरतो तो फक्त हवेतला टप्पा. चाचणी दोन्ही दिशांनी करावी, कारण राउटरचा आवाज बोर्डला स्पष्ट ऐकू येतो म्हणून बोर्डचा क्षीण आवाज राउटरला तितकाच स्पष्ट ऐकू जाईल असे नसते.

मोजताना एककांची गफलत फार होते. जोडणी विकणारे मेगाबिट प्रतिसेकंद सांगतात, तर फाइल उतरवणारा प्रोग्राम पडद्यावर मेगाबाइट प्रतिसेकंद दाखवतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने १०० मेगाबिटांची जोडणी पूर्ण वेगाने चालत असली, तरी पडद्यावर १२.५ मेगाबाइटच दिसणार. मेमरी कार्डाचेही तसेच आहे. कार्डावरील ‘क्लास १०’ हे चिन्ह सलग लेखनासाठी किमान १० मेगाबाइट प्रतिसेकंद, म्हणजे ८० मेगाबिट एवढीच हमी देते, आणि लहानलहान फाइली विखरून लिहायच्या असतील तेव्हा साधे कार्ड याच्याही बरेच खाली येते. ज्या बोर्डचे वायफाय १०० मेगाबिट वाहून नेऊ शकते, त्यावर फाइल उतरवताना वेग अडखळला, तर तो दोष कार्डाचाही असू शकतो. राउटर बदलून तो जाणार नाही.

हवेतल्या टप्प्याचा आकडा हाती आल्यावर तो चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी बोर्डची मूळ कुवत ठाऊक असावी लागते. २०१२ साली बाजारात आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायला वायफाय नव्हतेच. ते पहिल्यांदा अंगभूत आले २०१६ च्या ‘पाय ३ मॉडेल बी’वर, आणि तेही केवळ २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, वायफायच्या ८०२.११एन या प्रमाणानुसार. ‘झीरो डब्ल्यू’ (२०१७) आणि ‘झीरो २ डब्ल्यू’ (२०२१) हे लहान बोर्डही याच एका पट्ट्यावर चालतात. २०१८ च्या ‘पाय ३ बी प्लस’पासून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८०२.११एसी हे पुढचे प्रमाण ही सोय मिळाली, व तीच पुढे ‘पाय ४’ (२०१९) आणि ‘पाय ५’ (२०२३) यांच्यात कायम राहिली. या सर्वांमध्ये समान असलेली आणि आपल्या सदरात कधीही न येणारी बाब म्हणजे, वायफायसाठी यांच्याकडे माहितीचा एकच प्रवाह असतो. आजच्या लॅपटॉपमध्ये सहसा दोन अँटेना असतात आणि ते एकाच वेळी दोन प्रवाह चालवतात. राउटरच्या खोक्यावरचा हजारोंचा आकडा तर सर्व पट्ट्यांवरील सर्व प्रवाहांची बेरीज असते. एकच प्रवाह असलेल्या बोर्डसाठी त्या बेरजेला काहीही अर्थ नाही.

एका प्रवाहाचा हिशेब असा. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत, म्हणजे पट्ट्याच्या एका तुकड्यात, ८०२.११एनचा कमाल जोडणी-दर ७२ मेगाबिट आहे. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत ८०२.११एसीचा कमाल दर ४३३ मेगाबिट आहे. हे दर हवेतल्या कच्च्या संकेतांचे आहेत. प्रत्येक पाकिटाआधी, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याआधी, वाहिनी मोकळी आहे का हे पाहण्यासाठी थांबणे, पाकीट मिळाल्याची पोच पाठवणे, शीर्षकांची भर, यांत यातला मोठा हिस्सा जातो आणि वापरणाऱ्याच्या हाती अर्ध्याच्या आसपास उरतो. त्यातही वायफायची चिप मुख्य प्रोसेसरला ज्या मार्गाने जोडलेली असते, त्या मार्गालाही मर्यादा असते. त्यामुळे ‘पाय ३ बी’वर ३५-४० मेगाबिट मिळत असतील, तर तो बोर्ड आजारी नाही, त्याची धावच तेवढी आहे. ‘३ बी प्लस’ला ५ गिगाहर्ट्झवर जवळून सुमारे १०० मेगाबिट मिळतात. ‘पाय ५’वर वायफायची चिप जुनीच ठेवली असली, तरी प्रोसेसरशी जोडणारा मार्ग अधिक वेगवान केल्याने त्याच चिपकडून आणखी काम करून घेता येते. याउलट ‘झीरो डब्ल्यू’ बाळगणाऱ्याने ३०० मेगाबिटांची जोडणी घेतली काय किंवा हजार मेगाबिटांची घेतली काय, त्याच्या बोर्डला फरक पडणार नाही. हे सदरात एकदा जरी छापले गेले, तरी कित्येक प्रश्न येण्याआधीच मिटतील.

आता मोजलेला आकडा कुवतीपेक्षा बराच खाली आहे असे धरू. पहिला प्रश्न पट्ट्याचा. ज्या बोर्डला दोन्ही पट्टे जमतात, तो राउटरजवळ असूनही २.४ गिगाहर्ट्झवरच चिकटून बसलेला अनेकदा आढळतो, कारण बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि निवड जोडणाऱ्या उपकरणावर सोडतात. राउटरच्या मांडणीत जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, किंवा बोर्डच्या जोडणीत ५ गिगाहर्ट्झचाच पट्टा वापरावा असे नमूद करावे. केवळ या एका बदलाने वेग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, आणि त्याला खर्च काहीच नाही. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये जास्त शोषल्या जातात. दोन-तीन जाड भिंतींपलीकडे ठेवलेल्या बोर्डला कमी वेगाचा पण पोहोचणारा २.४ गिगाहर्ट्झच सोयीचा ठरतो. ‘५ नेहमीच चांगला’ असा ठोकळेबाज नियम करण्यापेक्षा दोन्हींवर आयपर्फ चालवून पाहावे.

५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, अशी तक्रार असेल, तर देशाचा कोड पाहावा. कोणत्या वाहिन्या आणि किती शक्ती वापरता येईल हे देशागणिक बदलते. आपण कोठे आहोत हे बोर्डला सांगितलेले नसेल, तर नव्या बोर्डवर वायफाय बंदच राहते किंवा काही वाहिन्या झाकल्या जातात. मांडणीच्या प्रोग्राममध्ये देश निवडला की प्रश्न सुटतो.

२.४ गिगाहर्ट्झवरच राहावे लागत असेल, तर वाहिनीची निवड महत्त्वाची होते. या पट्ट्यातील वाहिन्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, पण प्रत्यक्ष वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असते, त्यामुळे शेजारशेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. एकमेकींना न छेदणाऱ्या म्हणून १, ६ आणि ११ याच तीन वापरण्याचा प्रघात आहे. शेजारी ६ वर आहेत म्हणून आपण ८ वर जावे असे पुष्कळांना सुचते, आणि वरवर ते शहाणपणाचेही वाटते. प्रत्यक्षात एकाच वाहिनीवरची दोन जाळी परस्परांची पाकिटे ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या वाहिन्यांवरच्या जाळ्यांना मात्र एकमेकांचे बोलणे समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो आणि पाकिटे फुकट जातात. तेव्हा गर्दी असली, तरी त्या तिघींपैकीच एखादी निवडावी. याच पट्ट्यात रुंदी ४० मेगाहर्ट्झ करण्याचा मोहही टाळावा.

त्यानंतर जागा, आणि या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वाधिक फायदा येथे होतो आणि सर्वांत कमी लक्षही येथेच दिले जाते. संकेताची शक्ती बोर्ड स्वतःच सांगतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘आयडब्ल्यू’ हे साधन वापरून जोडणीची स्थिती विचारली की ती शक्ती डीबीएम या एककात, उणे चिन्हाच्या आकड्याने दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास कामचलाऊ, आणि उणे ८० म्हणजे जोडणी जेमतेम तग धरून आहे. हे मोजमाप लॉगरिदमचे असल्याने दर १० डेसिबलला शक्ती दहापटीने बदलते : उणे ७० वर येणारी शक्ती उणे ५० च्या शंभरावा भाग असते. याच ठिकाणी जोडणी-दरही दिसतो, आणि संकेत क्षीण झाला की बोर्ड व राउटर चुका टाळण्यासाठी तो दर आपणहून उतरवत नेतात. वेग कमी का, याचे उत्तर निम्म्या वेळा या दोन आकड्यांतच लिहिलेले असते.

बोर्ड हा फोनप्रमाणे हातात फिरत नाही. तो एकदा दूरचित्रवाणीच्या मागे, कपाटात, वीजमीटरच्या खोक्यात किंवा टेबलाखाली बसवला की वर्षानुवर्षे तेथेच राहतो, आणि या सर्व जागा वायफायसाठी वाईट आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही कमी. भिंतींवरून व फर्निचरवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळून काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. दोन अँटेनांचे उपकरण अशा मृत बिंदूतून स्वतःला बरेचसे सावरते. एका अँटेनाच्या बोर्डकडे तो पर्याय नाही. म्हणूनच त्याला हातभर नव्हे, नुसते वीतभर सरकवले किंवा आडवा होता तो उभा केला, तरी संकेतात कित्येक डेसिबलचा फरक पडतो. थोडे सरकवावे, आकडा पाहावा, पुन्हा सरकवावे. राउटर जमिनीवरून उचलून उंच, मोकळ्या जागी ठेवणे हाही तितकाच साधा उपाय आहे.

अँटेना कोठे आहे हे पाहिले, तर खोक्याचा प्रश्नही लक्षात येतो. ‘झीरो डब्ल्यू’पासून अनेक बोर्डांवर अँटेना वेगळा जोडलेला नसतो, तर स्वीडनच्या प्रोअँट या कंपनीच्या परवान्याने तो बोर्डच्या काठाशी तांब्याच्या थरातच त्रिकोणी पोकळीच्या रूपात कोरलेला असतो. बाहेर काहीच दिसत नसल्याने लोक निर्धास्तपणे बोर्ड अॅल्युमिनियमच्या खोक्यात बंद करतात. अशी खोकी उष्णता उत्तम घालवतात, दिसतातही देखणी, पण धातूची पेटी रेडिओलहरी अडवते. धातूचे खोके वापरायचेच असेल, तर अँटेनाच्या बाजूला प्लास्टिकची खिडकी ठेवलेले घ्यावे. बोर्डवर चढवलेली दुसरी पाटी, धातूची पट्टी किंवा पंखाही त्या कोपऱ्यावर येणार नाही हे पाहावे.

आणखी एक शत्रू बोर्डलाच जोडलेला असतो. यूएसबी ३ च्या केबली व हार्डडिस्कची खोकी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात रेडिओ-गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. ‘पाय ४’ आणि ‘पाय ५’ यांना यूएसबी ३ आहे, आणि लोक त्यांना डिस्क जोडून घरचा साठा-संगणक करतात. मग डिस्कवर काम सुरू झाले की वायफाय कोसळते. ‘पाय ४’च्या सुरुवातीच्या दिवसांत विशिष्ट उच्च रिझोल्यूशनचा मॉनिटर लावल्यावर वायफाय बंद पडत असल्याच्या तक्रारीही आल्या होत्या, त्यांत संशय एचडीएमआयच्या संकेतावर होता. डिस्क बोर्डपासून दूर ठेवणे, चांगले वेष्टन असलेली केबल वापरणे आणि शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झवर जाणे, हे तिन्ही उपाय लागू पडतात. ब्लूटूथही याच पट्ट्यात, याच चिपवर चालते आणि वायफायच्या वाट्याचा वेळ घेते; कीबोर्ड किंवा स्पीकर ब्लूटूथवर नसेल, तर ते बंद ठेवलेले बरे.

वेगाच्या नावाखाली येणारी एक तक्रार मुळात वेगाची नसतेच. दूरस्थ टर्मिनलवर टाइप केलेले अक्षर क्षणभर अडकून उमटते, थोडा वेळ शांत राहिलेला बोर्ड पहिल्या हाकेला उशिरा उत्तर देतो, आणि तरीही मोठी फाइल मात्र व्यवस्थित उतरते. हा वायफायच्या वीजबचतीचा परिणाम असतो. बचत चालू असताना चिप मधूनमधून झोपते, राउटर तिच्यासाठी आलेली पाकिटे अडवून धरतो आणि आपल्या नियमित हाकेत ‘तुझ्यासाठी टपाल आहे’ असे सांगतो. ही हाक सहसा सेकंदातून सुमारे दहा वेळा दिली जाते, म्हणून एखादे पाकीट शंभर मिलिसेकंदांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ, ताटकळते. राउटरला ‘पिंग’ करून, म्हणजे छोटी हाक देऊन उत्तराला लागणारा वेळ मोजून, पाहिले तर एक उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत आणि पुढचे शंभरीच्या आसपास, अशी उडी दिसते. त्याच ‘आयडब्ल्यू’ साधनाने बचत बंद करता येते, पण बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर ती परत चालू होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून, रास्पबेरी पाय ओएस या बोर्डच्या मूळ प्रणालीमध्ये जोडण्यांचा कारभार नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम पाहतो. कायमचा बदल हवा असेल, तर त्याच्या मांडणीत त्या जोडणीसाठी वीजबचत बंद असल्याचे लिहून ठेवावे लागते. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना नव्या आवृत्तीवर गिरवणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. बोर्ड बॅटरीवर चालत असेल, तर अर्थात बचत राखावी.

विजेविषयी लिहिताना पुरवठ्याचाही उल्लेख करायला हवा. फोनचा जुना चार्जर आणि बारीक तारेची केबल यांवर बोर्ड सुरू तर होतो, पण ताण आला की व्होल्टेज घसरते. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर बोर्ड इशारा देतो आणि प्रोसेसरची गती उतरवतो. यूएसबीवरून वीज घेणाऱ्या डोंगलला, म्हणजे बाहेरून जोडायच्या वायफाय उपकरणाला, तर सर्वांत आधी फटका बसतो आणि जोडणी तुटत-जुळत राहते. विजेखेरीज आणखी एक बाब पाहावी : राउटरवरील सुरक्षेच्या मांडणीत टीकेआयपी ही माहिती गुप्त ठेवण्याची जुनी पद्धत राहून गेली असेल, तर ८०२.११एनचे दर मिळत नाहीत आणि जोडणी ५४ मेगाबिटांच्या वर जातच नाही. तेथे डब्ल्यूपीए २ व एईएस या नव्या पद्धती निवडाव्यात.

एवढे सारे करूनही भागत नसेल, तेव्हा खरेदीचा विचार करावा, आणि त्यातही राउटरच्या आधी बोर्डचा. बाहेर अँटेना असलेला यूएसबी वायफाय डोंगल छोट्या केबलने बोर्डपासून फूटभर दूर ठेवला, तर खोक्याचा आणि गोंगाटाचा असे दोन्ही प्रश्न सुटू शकतात. मात्र डोंगल निवडताना खोक्यावरच्या वेगापेक्षा आतली चिप कोणती हे विचारावे. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू सारख्या काही चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या चालवणारे प्रोग्राम, बोर्डवरील लिनक्स प्रणालीच्या कर्नल या गाभ्यातच असतात, लावले की चालतात. इतर अनेक चिपांसाठी ड्रायव्हर वेगळा मिळवून बांधावा लागतो आणि कर्नल अद्ययावत झाला की तो मोडतो. शिवाय ‘पाय ३’ आणि त्याआधीच्या बोर्डांवर सर्व यूएसबी पोर्ट व केबलचे नेटवर्क मिळून एकाच यूएसबी २ मार्गावर चालतात, ज्याची एकूण कमाल ४८० मेगाबिट आहे. त्यावर महागडा डोंगल लावणे म्हणजे बोळात मालगाडी घालणे होय. संकेत पकडून पुढे पाठवणारा स्वस्त ‘रिपीटर’ही जपून घ्यावा. एकाच रेडिओवर ऐकून त्याच वाहिनीवर पुन्हा बोलणारा रिपीटर संकेताच्या दांड्या वाढवतो आणि वेग निम्म्यावर आणतो.

माझ्या मते, एका जागी बसलेल्या बोर्डसाठी सर्वांत चांगले वायफाय म्हणजे केबल. ‘पाय ४’ व ‘पाय ५’ यांच्यावर खरा गिगाबिट पोर्ट आहे. ‘३ बी प्लस’चा पोर्ट नावाला गिगाबिट असला, तरी यूएसबी २ मुळे ३०० मेगाबिटांच्या आसपास थांबतो, आणि त्याआधीच्यांना १०० मेगाबिट मिळतात. हे १०० मेगाबिटसुद्धा स्थिर असतात, दोन्ही दिशांना एकाच वेळी मिळतात आणि शेजाऱ्याच्या राउटरवर अवलंबून नसतात. साधी नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. केबल ओढणे दिसायला बरे नाही, एवढ्या एका कारणासाठी लोक वर्षभर वायफायशी झगडतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना तर हे विशेष लागू आहे. हवेतली वाहिनी सर्वांची मिळून एक असते आणि एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. १,५०० बाइटचे एक पाकीट म्हणजे १२,००० बिट. ६५ मेगाबिटांच्या दराने ते पाठवायला दोन दशांश मिलिसेकंदांहूनही कमी वेळ लागतो, तर कोपऱ्यातला क्षीण संकेताचा बोर्ड ६ मेगाबिटांवर उतरला असेल, तर तेच पाकीट दोन मिलिसेकंद वाहिनी अडवते. म्हणजे एक दूरचा बोर्ड दहा जवळच्या बोर्डांचा वेळ खातो, आणि रखडतो सगळा वर्ग. अशा ठिकाणी इंटरनेटची जोडणी मोठी करून काहीही साधत नाही. मागच्या रांगेतले बोर्ड केबलवर घेतले, तर सर्वांचेच वायफाय सुधारते. जी प्रणाली किंवा जी पॅकेजे सगळ्या बोर्डांवर बसवायची असतात, ती एकदाच उतरवून प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर ठेवली, तर वाहिनीवरचा बराच भार मुळातच टळतो.

येथे एक विषयांतर वाटेल असा, पण या प्रश्नाला धरूनच असलेला मुद्दा मांडतो. बोर्डला वेग हवा आहे तो कशासाठी, हे कोणी विचारत नाही. तापमान किंवा आर्द्रता मोजून दर मिनिटाला पाठवणाऱ्या बोर्डला मेगाबिट तर सोडाच, काही किलोबिट पुरतात. कॅमेऱ्याचे १०८० ओळींचे चित्र एच-२६४ पद्धतीने संकुचित करून पाठवायला काही मेगाबिट लागतात. घरातल्या सर्व उपकरणांना संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या बोर्डला वेगापेक्षा तत्पर उत्तर महत्त्वाचे, म्हणजे त्याच्यासाठी वीजबचत बंद करणे हाच मुख्य उपाय. मोठ्या फाइलींचा साठा किंवा त्यांच्या प्रती ठेवणारा बोर्डच तेवढा खरोखर वेगाचा भुकेला असतो, आणि त्याची जागा केबलवर आहे.

म्हणून आपल्याला विनंती अशी की, सदराकडे असा प्रश्न आला, तर उत्तर छापण्यापूर्वी वाचकाकडून पुढील माहिती मागवून घ्यावी : बोर्ड नेमका कोणता, तो कोणत्या पट्ट्यावर जोडलेला आहे, संकेताची शक्ती आणि जोडणी-दर किती आहे, केबलवरच्या दुसऱ्या संगणकाशी आयपर्फने दोन्ही दिशांना किती वेग मिळतो, आणि त्या बोर्डकडून काम कोणते करून घ्यायचे आहे. ती वाचकाला पंधरा-वीस मिनिटांत गोळा करता येते आणि उत्तर बहुधा तिच्यातच सापडते. त्याचप्रमाणे पुरवणीत राउटरची परीक्षणे छापताना खोक्यावरच्या बेरजेच्या आकड्याऐवजी एका प्रवाहाच्या उपकरणाला जवळून आणि दोन भिंतींपलीकडून प्रत्यक्ष किती वेग मिळाला, हा आकडा दोन्ही पट्ट्यांसाठी द्यावा. छोटे संगणक, कॅमेरे आणि घरातली इतर अनेक स्वस्त उपकरणे अशीच एका अँटेनाची असतात, त्यामुळे हा आकडा केवळ रास्पबेरी पायवाल्यांच्याच नव्हे, बहुतेक सर्व वाचकांच्या उपयोगाचा ठरेल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक